आठव्या महिन्यातील कावीळ : एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

काविळीचा रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक बहुधा पहिला प्रश्न एकच विचारतात : ‘डॉक्टर, कावीळ किती पॉइंट आहे?’ रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा आकडा म्हणजेच दुखणे, तो चढला की दुखणे वाढले आणि उतरला की ते बरे झाले, असा समज गावोगावी इतका पक्का आहे की पुष्कळदा त्या आकड्याकडे पाहत असतानाच खरा धोका शेजारून निघून जातो. पुढे मांडलेल्या प्रकरणात नेमके तसेच झाले. तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करताना मी पाहिलेली ही रुग्ण आहे. तिची ओळख पटू नये म्हणून घर, गाव आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. दुखण्याचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

रुग्ण २४ वर्षांची, दुसऱ्यांदा गरोदर, सातवा महिना संपून आठवा लागलेला. पहिले बाळंतपण सुखरूप झालेले आणि थोरला मुलगा तीन वर्षांचा. यापूर्वी तिला कावीळ, रक्तदाब किंवा मधुमेह नव्हता, कसली गोळीही चालू नव्हती. गाव पंचगंगेच्या खोऱ्यातले, दोन दिवसांआड तासभर नळाला पाणी येणारे. मे महिन्यात पाण्याचा दाब इतका कमी होता की गल्लीतील बहुतेक घरांनी नळाला थेट विजेची मोटर लावली होती. या मोटरींचा संबंध पुढे येईल.

जूनच्या शेवटी तिला कणकण जाणवू लागली, भाकरीचा वास नकोसा झाला, उलट्या होऊ लागल्या. गरोदर बाईच्या बाबतीत या तक्रारींकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही आणि त्यात घरच्यांचा दोषही नाही. मात्र गरोदरपणातील मळमळ बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांची असते. आठव्या महिन्यात ती नव्याने सुरू झाली, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे. पाचव्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. त्याच दिवशी भेटीला आलेल्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंनी तिला उंबऱ्याबाहेर उजेडात आणून डोळ्यांचा वरचा पांढरा भाग पाहिला आणि आजच्या आज दवाखान्यात जा, असे सांगितले. ही पाहणी बिनचूक होती. पिवळ्या दिव्याखाली किंवा रात्री डोळे पाहिले तर सौम्य कावीळ हमखास निसटते, म्हणून ती दिवसाच्या नैसर्गिक उजेडातच पाहावी लागते. बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असणे सर्वसामान्य मानले जाते आणि ते अडीच-तीनच्या पुढे गेल्यावरच डोळ्यांत दिसू लागते. गाजर किंवा पपई फार खाल्ल्याने तळहात पिवळे दिसू शकतात, पण तेव्हा डोळे पांढरेच राहतात.

घरच्यांनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. बिलिरुबिन ६.२ आणि यकृताची इजा दाखवणारी एसजीपीटी १,८४० निघाली. ‘सहा पॉइंट कावीळ’ असे निदान घरातच झाले आणि औषधासाठी शेजारच्या गावात काविळीवर माळ घालणाऱ्या गृहस्थांकडे जायचे ठरले. तिथे तिच्या हातांना झाडपाल्याचा रस चोळून ते चुन्याच्या पाण्यात धुतले गेले आणि पाणी पिवळे झाल्यावर ‘कावीळ उतरते आहे’ असे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. गळ्यात काड्यांची माळ घातली. रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायचा एका पाल्याचा रसही दिला. घरी हळद, तेल, तूप आणि डाळ बंद झाली. पेज आणि स्टँडजवळच्या गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस एवढ्यावर तिला ठेवले गेले.

या उपचारांबद्दल थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते, कारण ते करणारी माणसे अडाणी किंवा निष्ठुर नसतात. त्यांनी घरातली दहा माणसे याच उपायाने बरी झालेली पाहिलेली असतात. ती बरी झाली हे खरेच असते. पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई ही कावीळ निरोगी तरुण माणसात बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या काळात जे काही केले असेल त्याला श्रेय मिळते. चुन्याच्या पाण्याचा पिवळेपणा शरीरातून येत नाही. आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसासारखे पदार्थ चुन्याशी मिसळले की तो रंग धरतो, आणि निरोगी माणसाचे हात तसेच धुतले तरी पाणी पिवळेच होते. माळेतील ओल्या काड्या सुकून आक्रसतात, गाठींतला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबत जाते. ती कावीळ नसलेल्या माणसाच्या गळ्यात किंवा खुंटीवरही लांबते. माळेने प्रत्यक्ष अपाय होत नाही, पण तिच्यामुळे दिवस जातात. पाल्याच्या रसाचे तसे नाही. आधीच सुजलेल्या यकृतावर कोणत्या वनस्पतीचा किती अर्क जातो आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि काही वनस्पती स्वतःच यकृताला इजा करतात.

खाण्याच्या बंदीबाबतही तेच. हळदीचा पिवळा रंग आणि काविळीचा पिवळा रंग यांचा काडीचाही संबंध नाही. मळमळ असेपर्यंत तेलकट नको वाटते, हे रुग्णाला आपोआप कळते, पण डाळ, दूध, अंडी तोडून आठव्या महिन्यातील बाईला पेजेवर ठेवणे म्हणजे यकृताला दुरुस्तीसाठी लागणारे सामानच काढून घेणे. उघड्यावरच्या रसात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हा प्रश्न तर वेगळाच.

नवव्या दिवशी पुन्हा रक्त तपासले. बिलिरुबिन १३.४ वर गेले होते, पण एसजीपीटी १,८४० वरून ६१० वर उतरली होती. घरात दोन मते पडली. ‘पॉइंट’ पाहणाऱ्यांना काळजी वाटली, पण अहवालातील दुसरा आकडा वाचू शकणाऱ्या दिराने सांगितले की यकृत सुधारते आहे, एसजीपीटी तिपटीने खाली आली आहे. त्यावर सर्वांचा जीव भांड्यात पडला. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची चूक मला इथे दिसते आणि ती फक्त घरच्यांची नाही, कारण दोन्ही वेळा झालेल्या तपासणीत रक्त गोठण्याची आयएनआर ही चाचणीच नव्हती.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमध्ये असणारे एक विकर (एन्झाइम) आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते, म्हणून आकडा चढतो. तो उतरण्याची कारणे दोन असू शकतात : पेशी फुटायच्या थांबल्या, किंवा फुटण्यासारख्या पेशीच फारशा उरल्या नाहीत. यांपैकी काय झाले आहे हे एसजीपीटी स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी यकृत काम करते आहे का, हे पाहावे लागते, आणि त्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे रक्त गोठण्याची क्रिया. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात, त्यांतील काहींचे आयुष्य अवघ्या काही तासांचे असते, आणि म्हणून यकृत थकले की रक्त गोठायला लागणारा वेळ लगेच वाढतो. हा वेळ आयएनआर या आकड्यात मांडतात. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. काविळीच्या रुग्णात तो १.५ वर गेला आणि त्याच्या जोडीला वागण्यात किंवा शुद्धीत बदल दिसला, की त्याला यकृत निकामी होणे असेच म्हणतात. एसजीपीटी उतरत आहे, बिलिरुबिन आणि आयएनआर मात्र चढत आहेत, हे चित्र सुधारणेचे नसून फार गंभीर आहे.

दहाव्या रात्री ती झोपली नाही. कपाटातील साड्या काढून घड्या घालत आणि पुन्हा मोडत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातले आणि मग दुपारपर्यंत झोपून राहिली. सासूबाईंनी नंतर मला सांगितले, ‘आम्हाला वाटलं, रात्रभर झोप नाही, म्हणून डोकं ठिकाणावर नाही.’ ही दोन लक्षणे, म्हणजे रात्री जाग आणि दिवसा झोप, तसेच रोजच्या हातवळणीच्या कामात होणारी चूक, यकृताच्या अपयशाचा मेंदूवर होणारा परिणाम सुरू झाल्याची पहिली खूण असतात. डॉक्टरांना त्या दहा मिनिटांच्या तपासणीत दिसतीलच असे नाही, घरातल्या माणसांना मात्र त्या नक्की दिसतात. भेटायला आलेल्या तिच्या आईने ‘माझी पोरगी अशी नाही’ म्हणून हट्ट धरला आणि त्याच दुपारी तिला आमच्याकडे आणले.

मी तिला पाहिले तेव्हा ती स्वतःचे नाव आणि गाव सांगत होती, पण वार सांगताना अडखळत होती, आणि वीसमधून तीन-तीन वजा करताना चौदावर येऊन थांबली. हात पुढे करून मनगटे वर उचलायला सांगितल्यावर पंजे पंख फडफडावेत तसे खाली पडत होते. हिरड्यांतून थोडे रक्त येत होते. रक्तदाब ११०/७०, ताप नाही, पायांवर सूज नाही. रक्तातील साखर ५८. आयएनआर २.६.

गरोदर स्त्रीच्या काविळीत आणखी काही शक्यता तपासाव्या लागतात, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. रक्तदाब वाढून प्लेटलेट्स घटणारा एक गंभीर विकार असतो, पण तिचा रक्तदाब ठीक होता आणि प्लेटलेट्स १ लाख ९० हजार होत्या. गरोदरपणातच होणारा यकृतात चरबी साठण्याचा आजार साखर उतरवतो आणि आयएनआर वाढवतो, म्हणून तो मनात ठेवावाच लागला, कारण त्यात प्रसूती लवकर करणे हाच उपचार असतो. मात्र पहिल्या तपासणीत १,८४० असलेली एसजीपीटी आणि कणकणीने झालेली सुरुवात विषाणूकडे बोट दाखवत होती. तळहात-तळपायांना रात्री सुटणारी, पुरळ नसलेली खाज तिला नव्हती. ती असती तर पित्ताच्या प्रवाहातील अडथळ्याचा विचार केला असता. सोनोग्राफीत पित्तमार्ग मोकळा होता आणि बाळाचे ठोके चालू होते. हिपॅटायटिस बी, मलेरिया आणि डेंग्यूच्या चाचण्या नकारात्मक आल्या. हिपॅटायटिस ई चा ताजा संसर्ग दाखवणारी आयजीएम चाचणी दुसऱ्या दिवशी सकारात्मक आली, परंतु तिची वाट पाहत आम्ही थांबलो नव्हतो.

आमच्या रुग्णालयात तिला ठेवण्यासारखी सोय नव्हती, हे पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट झाले. शिरेतून ग्लुकोज सुरू केले, व्हिटॅमिन के दिले, पोट साफ राहावे म्हणून लॅक्ट्युलोज दिले, आणि ती बेचैन असूनही झोपेचे कोणतेही औषध द्यायचे नाही, असे कागदावर ठळक लिहिले. अशा रुग्णाला शांत करण्यासाठी दिलेले इंजेक्शन खोल बेशुद्धीकडे नेऊ शकते आणि शुद्ध किती हरपते आहे हे मोजायचे साधनही हिरावून घेते. १०८ ची रुग्णवाहिका बोलावून, अतिदक्षता विभाग, स्त्रीरोग विभाग आणि यकृततज्ज्ञ एकाच छताखाली असतील अशा मोठ्या शहरातील रुग्णालयात तिला पाठवले. निघताना नवऱ्याने विचारले, ‘कावीळ तेरा पॉइंट आहे, वीस होईपर्यंत चालत नाही का?’ त्याच्या शेजारच्याला वीस पॉइंट होऊनही तो बरा झाला होता. ही गोष्टही खरीच असणार. त्या शेजाऱ्याचा आयएनआर ठीक असणार आणि तो रात्री झोपत असणार.

तिथे ती नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी बाळाचे ठोके थांबले, कळा आपोआप सुरू झाल्या आणि मृत मुलगी जन्मली. प्रसूतीनंतर बराच रक्तस्राव झाला, रक्त आणि प्लाझ्मा द्यावा लागला. पाचव्या दिवशी आयएनआर १.९ वर आला, वार आणि तारीख बरोबर सांगता येऊ लागली. नवव्या दिवशी आयएनआर १.३ होता आणि तिला साध्या वॉर्डात हलवले. त्याच दिवशी तिचे बिलिरुबिन १९ होते, म्हणजे संपूर्ण आजारपणातील सर्वांत जास्त. ‘पॉइंट’ सर्वांत वर असताना ती धोक्याबाहेर आली होती, आणि ते निम्म्याहून कमी असताना, दुखण्याच्या पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, ती धोक्यात शिरत होती. बिलिरुबिन अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटून रक्तात रेंगाळते, त्यामुळे यकृत सावरल्यावरही ते उतरायला आठवडे लागतात.

हिपॅटायटिस ई बाबत ठळकपणे सांगण्यासारखी गोष्ट ही की इतर प्रौढांत शंभरात फार थोड्यांचा जीव घेणारा हा विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र २० ते २५ टक्के स्त्रियांचा जीव घेऊ शकतो. गर्भ दगावण्याचे प्रमाणही मोठे असते. गरोदर स्त्रीला देता येईल असे त्यावरचे खात्रीचे औषध आज नाही. चीनमध्ये २०११ साली याची लस मंजूर झाली, पण आपल्याकडील नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणून आठव्या महिन्यातील बाईचे डोळे पिवळे दिसले तर ‘किती पॉइंट’ न पाहता त्याच दिवशी दवाखाना आणि त्याच दिवशी आयएनआर, एवढाच नियम मी सांगतो.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे जातात. तेव्हा जूनच्या शेवटी पिवळे झालेले डोळे मे महिन्यातील पाण्याकडे बोट दाखवत होते. आरोग्य केंद्राच्या पथकाने गल्ली पालथी घातली तेव्हा आणखी अकरा जणांना कावीळ झाल्याचे आढळले. त्यांतल्या बहुतेकांनी माळ घातली होती, म्हणून कोणत्याही नोंदवहीत ते नव्हते. जलवाहिनी गटारीला लागून जात होती आणि एका सांध्याला गळती होती. पाणी सुटलेले नसताना वाहिनीतील दाब शून्यावर येतो, आणि नळाला लावलेल्या मोटरी तर ती रिकामी वाहिनी ओढूनच घेतात. अशा वेळी गळतीतून पाणी बाहेर जाण्याऐवजी गटारीचे पाणी आत येते. गळतीच्या पुढच्या बाजूच्या नळांवर पाण्यातील क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत क्लोरीनचा रंग आलाच नाही. टाकीत टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर पडत होती, याबद्दल शंका नाही, पण वाटेत शिरलेल्या मैल्याने ती संपवली होती.

साथ पसरण्याची ही तऱ्हा जुनीच आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवल्यामुळे विषमज्वर फारसा पसरला नाही, पण कावीळ मात्र पसरली, आणि गरोदर स्त्रियांना तिचा तडाखा अधिक बसला. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासल्यावर ती हिपॅटायटिस ई ची असल्याचे स्पष्ट झाले. आमच्याच खोऱ्यात २०१२ मध्ये इचलकरंजीला आलेली मोठी साथ आजही लोकांच्या आठवणीत आहे.

या प्रकरणावरून प्रत्येक कावीळ अशीच असते, असे कोणी समजू नये, कारण कावीळ हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. पन्नाशीच्या पुढील माणसात न दुखता वाढणारी कावीळ, अंगभर खाज, मातकट-पांढरी विष्ठा आणि उतरणारे वजन दिसले तर पित्तमार्ग दाबणारी गाठ शोधावी लागते, आणि माळेत गेलेला महिना तिथे शस्त्रक्रियेची संधी घालवू शकतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे एकत्र आले तर पित्तमार्गात पू झालेला असू शकतो, आणि मग सकाळची वाट पाहू नये. भातलावणीच्या दिवसांत, विशेषतः कोकणात, तापाबरोबर लालसर-पिवळे डोळे, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि कमी झालेली लघवी असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार पहिल्या दिवशीच व्हावा. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नवजात बाळाची कावीळ हा स्वतंत्र विषय आहे. ती पहिल्या २४ तासांत दिसली, तळहात-तळपायांपर्यंत पोचली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि ती दोन आठवड्यांनंतरही टिकून शी पांढरी होत असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तरच तिचा चांगला उपयोग होतो.

आमची रुग्ण सहा आठवड्यांनी तपासणीला आली. बिलिरुबिन १.४ आणि आयएनआर १.० होता. गळ्यात माळ नव्हती. तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, थोरल्या मुलाला तिच्यापासून कावीळ होईल का. आता तो काळ उलटून गेला आहे, त्याला धोका असलाच तर नळाच्या पाण्याचा आहे, म्हणून पाणी उकळूनच द्या, असे मी सांगितले. दुसरा प्रश्न तिने दाराशी जाऊन परत येऊन विचारला, की पुन्हा दिवस राहिले तर हे परत होईल का. निरोगी माणसात हा आजार शरीरात ठाण मांडून राहत नाही, यकृत पूर्ण भरून येते, वर्षभर थांबून पुढचा विचार करायला हरकत नाही, आणि दिवस राहिले की पहिल्या महिन्यातच मला येऊन भेटा, असे मी तिला सांगितले. तिने माझ्याकडून ते कागदावर लिहून घेतले.